चिमटीतला केस

खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक हललं की तो म्हणायचा, "सबूर." ओरडून नाही, दटावून नाही. बुजलेल्या घोड्याच्या मानेवर हात ठेवावा तसा तो हा शब्द माणसाच्या कानापाशी ठेवायचा, आणि माणूस थांबायचा. चाळीस वर्षांत हा शब्द इतक्या कानांपाशी ठेवला गेला की शेवटी तो त्यालाच येऊन चिकटला. गल्लीत त्याचं खरं नाव आता कुणाच्या तोंडी नव्हतं. पोस्टमनदेखील पाकिटावरचं नाव वाचून क्षणभर अडखळायचा, मग "म्हणजे आपल्या सबूरचं" असं स्वतःलाच सांगून पाकीट आत टाकायचा. हे नाव त्याच्या माघारीही कधी न घेणारी होती त्याची सून. ती बाबा म्हणायची. सासऱ्याला गल्लीच्या नावानं हाक मारायची तिची जीभ रेटत नसे.

त्या शनिवारी सकाळपासून मात्र या सबूर नावाच्या माणसाचा पाय एका जागी ठरत नव्हता. तो दुकानातून स्वयंपाकघरात जाई, तिथून अंगणात, आणि अंगणात आपण कशाला आलो ते न आठवून परत दुकानात.

कारण म्हटलं तर एवढंसं होतं. केस तुटत नव्हता.

घराच्याच पुढच्या खोलीत दुकान होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, समोर बाक, आणि मागच्या दाराला एक जाड पडदा. पडद्याच्या पलीकडे घर. पहिली खुर्ची सबूरची, दुसरी सुनेची. मुलगा मालवाहू बोटीवर होता, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. घरात बसून राहायचा सुनेला कंटाळा आला तेव्हा ती हे काम शिकून आली, आणि गेली सहा वर्षं दुसऱ्या खुर्चीमागे उभी राहत होती. तिच्याकडे यंत्र होतं, फवाऱ्याची बाटली होती, आणि दर गिऱ्हाइकाला नवं पान बसवायचा वस्तरा होता. सबूरकडे वडिलांचा वस्तरा होता. त्याची शिंगाची मूठ दातासारखी पिवळी पडली होती आणि दगडावर झिजून झिजून पातं निम्म्या रुंदीचं उरलं होतं. उकळत्या पाण्यातून काढलेला तो वस्तरा सबूरनं उघडला की अजूनही आठ-दहा जुनी गिऱ्हाइकं आपोआप मान मागे टाकत.

महिन्यातून एकदा सबूर तो दगडावर घेई. दगड ओला करायचा, वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायची, धार पुढे ठेवून हलकेच सरकवायचं, टोकाला पोचलं की पाठीवर उलटायचं, परत यायचं. मग चामड्याच्या पट्ट्यावर, तिथे उलट चाल, पाठ पुढे. हे सगळं झालं की धार बघायची.

धार बघायच्या परीक्षा दोन. पहिली हाताच्या लवेची. मनगटाच्या वर वस्तरा कातडीला न टेकवता फिरवायचा, लव उडाली पाहिजे. सबूरच्या डाव्या हातावर चार बोटं रुंदीचा एक पट्टा कायमचा गुळगुळीत होता. लग्न होऊन आली त्या महिन्यात सुनेनं नवऱ्याला हळूच विचारलं होतं, बाबांना तिथे भाजलंय का. पण वडील या परीक्षेला भाजी चिरायची परीक्षा म्हणत. एवढं तर स्वयंपाकघरातली सुरीही करते, म्हणत.

खरी परीक्षा केसाची. एक लांब केस घ्यायचा. चिमटीत धरायचा, वस्तरा धार वर करून समोर धरायचा आणि केस त्या धारेवर नुसता टेकवायचा. ओढायचा नाही, दाबायचा नाही. धार असेल तर केसाचे दोन होतात, आणि ते झाल्याचं केसालाही कळत नाही. नसेल तर केस वाकतो.

त्यातही एक मेख होती. केसाला डोळ्यांना न दिसणारे खवले असतात, माशासारखे, सगळे टोकाच्या दिशेनं निजलेले. टोक चिमटीत धरून मूळ मोकळं सोडलं तर धार त्या खवल्यांत अडकते आणि केस तुटतो. उलटा धरला तर धार खवल्यांवरून घसरते, मग वस्तरा कितीही पाजळलेला असो. आणि मूळ कुठलं, टोक कुठलं हे ओळखायचं बोटांनी. अंगठा आणि तर्जनीमध्ये केस धरून बोटं पुढेमागे चोळायची. केस आपोआप मुळाच्या बाजूला सरकायला लागतो. "तो आपल्या घराकडे निघतो," वडील सांगत. सबूर पंधरा वर्षांचा असताना त्यांनी त्याचे डोळे फडक्यानं बांधून शंभर केस ओळखायला लावले होते. सत्त्याण्णव बरोबर आले. उरलेले तीन कुठे चुकले ते वडिलांनी आठवडाभर ऐकवलं.

तेव्हापासून ही चाचपणी सबूर श्वास घ्यावा तशी करत आला होता. करतो हेही त्याच्या ध्यानात नसे.

आता एरवी केस तुटला नाही तर माणूस वस्तरा पुन्हा दगडावर घेतो, आणि गोष्ट संपते. पण तीन आठवड्यांपूर्वी सबूरच्या तोंडून एक वाक्य गेलं होतं.

त्या दिवशी पोस्टमनच्या कानाखाली कापलं. मोठं नव्हतं, तुरटी फिरवली आणि थांबलं. पोस्टमन हसून म्हणाला, "काका, माझ्यावर शिक्का मारलात की." पण सुनेनं आरशातून बघितलं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर बोलायचं सोडून ती तेव्हाच म्हणाली, "बाबा, आता हा ठेवून द्या ना. माझ्यासारखा पान बदलायचा घ्या. नाहीतर थोडी विश्रांती तरी घ्या." विश्रांती हा शब्द सबूरला फार लागला. बाकावर चार माणसं बसली होती, त्याचा जुना मित्र ट्रंपेटवालाही होता. सबूर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्या दिवशी या वस्तऱ्यानं केस तुटणार नाही, त्या दिवशी वस्तराच काय, खुर्चीपण सोडीन. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. ट्रंपेटवाल्यानं तर मान डोलावून साक्षही दिली होती.

आणि आज शनिवारी, महिन्याची धार लावल्यावर, पहिला केस तुटला. दुसरा वाकला. तिसरा वाकला. चौथा तुटला. पाचवा, सहावा वाकले. सातवा तुटला आणि आठवा पुन्हा वाकला.

सगळे वाकले असते तर एक वेळ बरं झालं असतं. आठातले तीन म्हणजे काय? वस्तऱ्याला धार असते किंवा नसते. सकाळी असते आणि पाच मिनिटांनी नसते, मग पुन्हा असते, असं त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

केस बायकोचे असत. चाळीस वर्षं तिचेच. खिडकीतल्या कंगव्यातून तो धार लावायच्या दिवशी दोन-चार काढून घेई आणि दुकानातल्या वहीच्या पानांत ठेवी. कंगव्यात केस उरले नाहीत तेव्हा तो स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या मागे उभा राहिला.

"काय हवंय?" ती मागे न बघता म्हणाली.

"एक केस."

"कंगव्यात आहेत की."

"संपले."

"संपले? आज काय दोरी वळताय का?"

तो हात पुढे करून उभा राहिला. तिनं मान कलती केली, त्यानं एक केस उपटला. ती "आई ग" म्हणाली, पण सवयीनं. दुकानात जाऊन त्यानं तो धारेवर टेकवला. वाकला.

तो परत आला. "तुझे केस बिघडलेत."

आता ती वळली. हातात लाटणं नव्हतं एवढंच. "काय म्हणालात?"

"पातळ झालेत. पांढरे झालेत. पूर्वी कसे होते. तेव्हा धारेवर ठेवला की खट तुटायचा."

"चाळीस वर्षं माझे केस कापलेत, आता म्हणे केसच खराब. माझ्याच केसानं माझा गळा कापताय की हो." ती चिडली होती आणि हसूही दाबत होती. "तुमचं डोकं बघा आरशात. दुकानात एवढा मोठा लावलाय तो कशाला? तुमचे तर पांढरे व्हायलाही थांबले नाहीत, तसेच निघून गेले."

"मी गमतीत नाही बोलत."

ती त्याच्याकडे नीट बघायला लागली. शर्टाची गुंडी एक घर खाली लागली होती. तिनं पुढे होऊन ती सोडवली आणि नीट लावून दिली. हे हल्ली तिसऱ्यांदा की चौथ्यांदा झालं होतं. "झालंय काय नक्की?" तिनं विचारलं.

"काही नाही. चहा दे."

तिनं पेला ओट्यावर ठेवला. चहा उकळता होता, पेला कडेपर्यंत भरलेला. तो पेला त्यानं डाव्या हातानं कडेला धरून उचलला आणि तसाच चालायला लागला.

"अहो, चटका बसत नाही का?"

"सवय आहे," तो पडद्यापलीकडून म्हणाला.

मागच्या थंडीत त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या. त्यानं एक-दोनदा हात झटकला, तेल लावलं, कुणाला सांगितलं नाही. थंडी सरली तशा मुंग्याही गेल्या. बरं झालं, म्हणून तो विसरून गेला.

दहा वाजता त्यानं वस्तरा पुन्हा दगडावर घेतला. शेजारच्या खुर्चीत सून एका शाळेतल्या शिपायाचे केस कापत होती. दगडावर पात्याचा आवाज येत होता, सर्र आणि सर्र, आणि आवाजाला नेहमीची लय नव्हती. तो मध्येच थांबे, पातं उजेडात धरून बघे, पुन्हा सुरू करी. गरजेपेक्षा जास्त घासलं तर धारेला केसाहून बारीक कोर येते आणि ती दुमडते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी हात थांबत नव्हता. लव उडत होती. मनगटावरचा गुळगुळीत पट्टा कोपराकडे दोन बोटं वाढला, तरी ती परीक्षा त्याला परीक्षा वाटत नव्हती.

"बाबा, आज दुसऱ्यांदा?" सुनेनं आरशातून विचारलं.

"दगड ओला होता म्हणून."

हे उत्तर कशाला लागू पडतं ते त्यालाच कळलं नाही. सुनेनं कात्री चालू ठेवली. शिपाई म्हणाला, "काका, चारला ट्रंपेटवाले येणार ना? काल भेटले होते. आज संध्याकाळी त्यांचा मोठा कार्यक्रम आहे म्हणे, ओठ जपून ठेवलाय, सबूरशिवाय कुणाला हात लावू देणार नाही म्हणाले."

"येतील," सबूर म्हणाला.

ट्रंपेटवाला त्याच्याच वयाचा, शाळेपासूनचा. मिशी ठेवत नसे. वरचा ओठ म्हणजे त्याचं पोट होतं. तिथे तांदळाएवढी जखम झाली तरी आठ दिवस वाजवणं बंद. वीस वर्षं दर कार्यक्रमाआधी तो ओठ सबूरच्या वस्तऱ्याखाली यायचा, आणि त्या ओठाला कधी धक्का लागला नव्हता. सबूरनं घड्याळाकडे पाहिलं. पाच तास पन्नास मिनिटं होती.

अकराला त्यानं एक दाढी केली, सुनेच्या पानाच्या वस्तऱ्यानं. गिऱ्हाईक परगावचं होतं, त्याला फरक कळला नाही. पण सुनेला कळला. तिनं आरशातून पाहिलं, बोलली नाही. तिचं ते न बोलणं दुपारपर्यंत दुकानात तिसऱ्या माणसासारखं उभं राहिलं.

दुपारी दुकान तासभर बंद असे. बायको आडवी झाली होती, सून अंगणात टॉवेल वाळत घालत होती. तिच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि खिडकीपाशी टेबलावर तिचा कंगवा होता. काळे, लांब, जाड केस. दारातून ते दिसले तेव्हा सबूर थांबला. सुनेच्या खोलीत तो कधी पाऊल टाकत नसे. नातवंडाच्या आशेनं बायको सारखी त्या खोलीत डोकावत असे, तिलासुद्धा तो टोकायचा. पण आज त्याच्या मनात एकच होतं, की हे केस चांगले आहेत आणि बायकोचे वाईट, आणि या केसांनी सगळं स्पष्ट होईल. तो आत गेला. कंगव्यातून त्यानं एक केस ओढला, तो मध्येच तुटला. दुसरा ओढला.

"बाबा?"

हातात रिकामी बादली घेऊन ती दारात उभी होती. तो कंगवा हातात घेऊन उभा. साठी उलटलेल्या माणसाला भिंतीत शिरता आलं असतं तर तो त्या क्षणी शिरला असता.

"केस हवा होता," तो म्हणाला. "एकच."

"मागायचा ना मग." तिनं बादली खाली ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लाजल्यासारखं झालं. "आईंचे संपले?"

"तिचे बिघडलेत."

"केस बिघडत नाहीत बाबा. चला."

दुकानात शटर खाली होतं. आरशावरचा एकच दिवा तिनं लावला. डोक्यातून एक केस उपटला, मुळाचा पांढरा ठिपका उजेडात बघितला, टोक चिमटीत धरलं आणि त्याच्या हातातल्या वस्तऱ्याच्या धारेवर केस टेकवला. केस तुटला. काही आवाज झाला नाही. तुकडा फरशीवर पडला तेव्हाच दोघांना कळलं.

तिनं दुसरा घेतला. तुटला. वहीच्या पानातून सासूचे सकाळी न तुटलेले दोन पांढरे केस काढले, बोटांनी चोळून बघितले, टेकवले. दोन्ही तुटले.

"वस्तऱ्याला धार तर कसली लागलीय," ती म्हणाली. "सकाळपासून कशाची काळजी करत होतात?"

"आठात तीन तुटतात."

"कुणाच्या हातात?"

त्यानं पातं दिव्याकडे वळवलं. मग म्हणाला, "धार येते आणि जाते."

"असं होतं का कधी?" तिनं तुटून आखूड राहिलेला एक केस घेतला, मुळाचा ठिपका गेलेला. तो त्याच्या डाव्या चिमटीत ठेवला. "डोळे मिटा बाबा. तुम्हीच मला शिकवलं होतं, पहिल्या वर्षी. सांगा कुठे चाललाय."

त्यानं डोळे मिटले. अंगठा आणि तर्जनी पुढेमागे चोळली, हळू, अगदी वडिलांनी सांगितलं होतं तशी. बराच वेळ चोळत राहिला. दुकानात साबणाचा आणि ओल्या चामड्याचा वास होता. बाहेर कुणीतरी सायकल ओढत नेत होतं.

"खाली," तो म्हणाला. "खाली चाललाय."

बाहेरची सायकल लांब गेली.

"खाली ना?"

त्यानं डोळे उघडले. ती त्याच्या हाताकडे बघत नव्हती, शर्टाकडे बघत होती. छातीवर, नीट लावलेल्या गुंडीपाशी, तो केस पडला होता. चिमटी रिकामी होती. कधीपासून रिकामी होती कुणास ठाऊक. त्याची दोन बोटं अजूनही एकमेकांवर फिरत होती, आणि त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

त्यानं बोटं थांबवली.

दाढी उजव्या हातानं होते असं गिऱ्हाइकाला वाटतं, कारण वस्तरा उजव्या हातात असतो. खरं काम डाव्या हाताचं. गालाची कातडी ताणून धरायची, खुंट कुठल्या दिशेला आहेत, हाड कुठे वर येतं, पुळी कुठे लपलीय, हे सगळं डावी बोटं बघतात आणि उजव्या हाताला सांगतात. पोस्टमनच्या कानाखालची ती बारीक गाठ चाळीस वर्षं हेच काम करणारा कारागीर विसरेल कसा? तो विसरला नव्हता. बोटांनी सांगितलंच नव्हतं.

"डॉक्टरकडे जाऊया सोमवारी," सून म्हणाली. "रक्त तपासू. कशामुळे झालंय ते कळेल तरी."

"हं."

"आणि बाबा, केस तुटला. सगळे तुटले. तुमचा शब्द कुठेच गेला नाही. मी कुणाला काही सांगणार नाही."

हे ती मनापासून म्हणत होती. आणि खरंही होतं. बाकावरच्या चार माणसांसमोर दिलेला शब्द वस्तऱ्याबद्दल होता, आणि वस्तरा खरा उतरला होता. त्या शब्दावर बोट ठेवून सबूरला मरेपर्यंत पहिल्या खुर्चीमागे उभं राहता आलं असतं. सून गप्प राहिली असती. पोस्टमननं शिक्क्याचा विनोद पुन्हा केला असता. तो वस्तरा मिटून बाकावर बसला, उठला, पट्टा खुंटीवर अडकवला, पुन्हा काढला, पुन्हा अडकवला. घड्याळात पावणेतीन झाले होते. शटर वर करायची वेळ झाली होती.

चारला दहा मिनिटं असताना ट्रंपेटवाला आला. काळी पेटी त्यानं बाकावर अशी ठेवली की जणू आत कुणी झोपलंय.

"सबूर, आज जरा बेतानं हं. शेवटचा सूर लांबवायचाय. सभागृहात पाचशे माणसं आहेत."

"चारशे," सून म्हणाली. "पाटीवर लिहिलंय."

"शंभर उभी राहतील." तो खुर्चीकडे निघाला.

"तू बाकावर बस," सबूर म्हणाला, आणि स्वतःच पहिल्या खुर्चीत बसला.

ट्रंपेटवाला तिथेच थांबला. "हे काय? गिऱ्हाईक मी आहे का तू?"

"आधी माझी दाढी. मग तुझी. सूनबाई करेल."

"कशानं?"

"या वस्तऱ्यानं."

सून फवाऱ्याची बाटली हातात धरून उभीच राहिली. सबूरनं वस्तरा तिच्यासमोर धरला, मूठ तिच्याकडे करून. "तुझ्या वस्तऱ्याचाही आकार हाच. फक्त याचं पान बदलायचं नाही. सहा वर्षं करतेस ते, तसंच. पण हा जड आहे. त्याच्या वजनानं जाऊ दे, तू ढकलू नकोस."

"बाबा, आत्ता? आज?"

"सोमवारी डॉक्टर आहे."

ट्रंपेटवाल्यानं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "काय रे, केस तुटला नाही वाटतं?"

"तुटला," सबूर म्हणाला. "सगळे तुटले. बोट मेलंय माझं." आणि त्यानं पांढरं कापड स्वतःच अंगावर ओढून डावा हात त्याखाली घेतला.

एवढं सरळ उत्तर ट्रंपेटवाल्याला अपेक्षित नव्हतं. तो पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसला आणि पेटीची कडी उघडत-लावत राहिला.

सुनेनं ब्रश ओला केला. फेस घोटला, गालावर चढवला. चाळीस वर्षं सबूरनं आरशात या खुर्चीतले चेहरे पाहिले होते, त्याचा स्वतःचा चेहरा नेहमी त्यांच्या वर, मागे, उभा असे. आता तो खाली होता, पांढरा झालेला, आणि मागे सुनेचा चेहरा. तिचा डावा हात त्याच्या गालावर आला. तिनं कानापासून कातडी वर ओढली, आणि बोटं जराशी फिरली, चाचपडली, थांबली. ती बघतेय, हे त्याला कळलं. बोटांनी बघतेय.

मग वस्तरा टेकला.

बोटं गेली होती, पण गाल जागा होता. थंड पातं, त्याच्यामागे ऊब, आणि खुंट तुटताना ती अगदी बारीक कुरकुर, जी बाहेर कुणाला ऐकू जात नाही, हाडातून कानात येते. धार वडिलांच्या वेळची होती. कुठे खरखर नाही, ओढ नाही. दहा वाजता दुसऱ्यांदा घासलं तेव्हा कोर आली नव्हती. दिवसभरात इतक्या केसांनी त्याला सांगितलं नव्हतं ते गालानं एका ओढीत सांगितलं. त्याच्या मनात आलं, दगड तर आपल्याला चालवता येईलच. बघायची तर इथे बघायची, रोज सकाळी, स्वतःच्या गालावर. मग वस्तरा तिच्या हातात द्यायचा. हा विचार पुरता होतो न होतो तोच दुसरा आला, की हिनं उद्या पान बदलायचाच वापरीन म्हटलं तर? आणि कापडाखाली त्याचा उजवा पाय हलायला लागला.

पडदा सरकला. बायको उभी होती, केस पुसता पुसता, नुकतेच धुतलेले. पहिल्या खुर्चीत नवरा आणि हातात उघडा वस्तरा घेतलेली सून बघून ती काही विचारायला निघाली होती. तिनं विचारलं नाही. नवऱ्याचा कापडाखाली लपवलेला हात तिला दिसत नव्हता, पण तो तिथे लपवलाय एवढं तिला कळलं असावं. ती आत येऊन बाकाच्या टोकाला बसली.

"बरं झालं," ती थोड्या वेळानं म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा यांचं तोंड बंद बघतेय."

ट्रंपेटवाला हसला. सबूरला हसता आलं नाही, ओठावर पातं होतं.

दाढी झाली. सुनेनं ओला टॉवेल फिरवला, मग तुरटी. तुरटी कुठेच झोंबली नाही. सबूर उठला, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून क्षणभर उभा राहिला, बाजूला झाला. ट्रंपेटवाल्यानं पुढे येऊन सरळ त्याच्या गालावरून उलटा हात फिरवला, खालून वर.

"धार कशी आहे?"

"तूच बघ."

तो खुर्चीत बसला. मान मागे टाकली नाही, सुनेनं दोन बोटांनी टाकायला लावली. सबूर बाकावर बायकोशेजारी बसला. हातांचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. बाकावर गिऱ्हाइकं बसतात, त्यांच्या हातात वर्तमानपत्र असतं. त्यानं ट्रंपेटची पेटी सरळ केली. सरळच होती. बायकोनं त्याचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठा जोरात दाबला. त्याला दाबलेलं दिसलं.

"काही कळतंय?" तिनं हळू विचारलं.

"ओलं आहे तुझं डोकं. पाठीवर पाणी पडतंय."

"मी काय विचारलं?"

"नाही," तो म्हणाला. "कळत नाही."

समोर गाल झाले, हनुवटी झाली. आता ओठ उरला होता. सुनेनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी नाकाचं टोक किंचित वर उचललं, वरच्या ओठाची कातडी ताणली, वस्तरा आडवा केला. ट्रंपेटवाल्याचे पाय खुर्चीच्या पट्टीवर ताठ झाले, पेटीकडे डोळे गेले आणि मान एकदम अर्धा बोट मागे सरकली. तिनं पातं त्याच क्षणी उचललं होतं. ती रागावली नाही. खाली वाकून त्याच्या कानापाशी म्हणाली,

"सबूर."

"काय ग?" सबूर बाकावरून अर्धवट उठला.

कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही. ट्रंपेटवाल्याची मान परत जागेवर आली होती, डोळे मिटले होते. वस्तरा ओठावर टेकला, आणि सबूर तसाच, ना उभा ना बसलेला, ती कुरकुर ऐकू येते का बघत राहिला.